नऊ आणि दहा नंबर

३ मार्च

सोळास एक असं प्रमाण. मागचं चाक साडेनऊ सेंटीमीटर, पुढचं चार. एकूण लांबी वीतभर.

ही वही पानाने दिली. "काका, मापं हिच्यात लिही. सिगरेटच्या पाकिटावर लिहितोस आणि मग पाकीट फेकून देतोस." पाना म्हणजे माझी पुतणी, दादाची एकुलती एक. तान्ही असताना रडायला लागली की खुळखुळ्याऐवजी हातात बारा नंबरचा पाना द्यायचा, की गप्प. तेच नाव पडलं. आता एकवीस वर्षांची आहे, वसतिगृहात राहून इंजिनाचं शिकते, परीक्षेच्या अभ्यासाला महिनाभर घरी आली आहे, आणि तिला गप्प करायला कारखान्यातले सगळे पाने कमी पडतात.

तिला दादाच्या ट्रॅक्टरचं मॉडेल हवंय, बॅटरीवर चालणारं, हातातल्या रिमोटने हाकायचं. पुढच्या महिन्यात मॉडेलवाल्यांची ओढ, म्हणजे ओढण्याची स्पर्धा, आहे. पहिल्या पानावर खेळाचा नियम लिही म्हणाली, म्हणून लिहितो. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने वजनगाडी जोडायची. ट्रॅक्टर जसा पुढे जातो तशी गाडीवरची लोखंडाची पेटी पुढे सरकते आणि ओझं वाढत जातं. शंभर मीटर ओढलं की पूर्ण ओढ. ओझं वाढलं की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, म्हणून तोंडावर लोखंडी वजनं टांगायची, एकेक चाळीस किलोचं. आमच्याकडे दहा होती.

दादा चालवायचा. मी साखळी अडकवायचो. माझं काम मागचं. मैदानात मला सगळे 'शेपूट' म्हणतात. लहानपणापासून दादाच्या मागेमागे असायचो, त्यामुळे नाव चपखल बसलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साठ मीटरवर तोंड वर गेलं, एका अंगाने खाली आलं, आणि ट्रॅक्टर दादावर पडला. अहवालात लिहिलंय, 'चालकाने वेळेत पाय उचलला नाही.' तो कागद मैदानाच्या ऑफिसात वर्षभर फळ्यावर लावलेला आहे. येणारा-जाणारा वाचतो.

पानाचं म्हणणं, मॉडेल हुबेहूब त्या दिवसासारखं करू, म्हणजे चूक यंत्राची की बाबांची ते कळेल. यंत्राची असली तर दुरुस्त करून ती स्वतः ट्रॅक्टरवर बसणार. बाबांची असली तर तिने काय करायचं, ते तिने सांगितलं नाही.

८ मार्च

सांगाडा झाला. गिअरची पेटी पितळेची केली. डोळे गेले माझे.

वहिनी शिवणाचं काम करतात. ट्रॅक्टरच्या, बसच्या सीटची कव्हरं. त्यांनी मॉडेलसाठी अंगठ्याएवढी सीट शिवली, कडेला दोरा उठवून, अगदी मूळची होती तशी. मूळ ट्रॅक्टरचं नाव 'सवत'. वहिनीच म्हणायच्या, "जेवायला घरी आणि राहायला सवतीकडे." दादाने ते झाकणावर पांढऱ्या रंगात लिहूनच काढलं. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी स्वतः ब्रश घेऊन अक्षर सुधारून दिलं. दादाचा 'स' फार वाईट होता.

सवत माझ्या कारखान्यातच आहे, ताडपत्रीखाली. मागचं सगळं मी दुरुस्त केलंय. मागचा आस, तोंड वर गेलं तर मागे जमिनीला टेकणारे टेकू, साखळीचा आकडा. पुढची ताडपत्री बांधलेली आहे ती तशीच आहे. उचलून आणलेली वजनं तिथेच खाली पडली आहेत. सोडायला वेळ मिळाला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आवाज आज पुन्हा आला. खण्. मग थोडं थांबून, खण्. लोखंडावर लोखंड. लेथ बंद करून ऐकलं. शेजारच्या गोठ्यातली बादली असेल.

गोठा दोन वर्षांपूर्वीच पाडलाय, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१४ मार्च

वजनं ओतली. शिशाची, दहा ग्रॅमची एकेक, वर कडी. दहा.

मूळ वजनांवर वहिनी दर हंगामाला पांढऱ्या रंगात आकडे काढायच्या, म्हणून ह्यांच्यावरही त्यांनीच काढायचे असं पानाने फर्मान काढलं. टाचणीच्या टोकाने काढत होत्या. एक ते आठ काढले, टाचणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उरलेले दोन तुम्ही काढा, भाऊजी."

"का, हात दुखला?"

"हो," म्हणाल्या.

माझा नऊ चांगला येत नाही. पण काढला.

१५ मार्च

नऊ आणि दहा गायब. रात्री मॉडेलच्या तोंडावर टांगून ठेवले होते, सकाळी आठच. बाकाखाली, कचऱ्यात, चपलेत, सगळीकडे पाहिलं. पाना म्हणाली, उंदीर. शिसं खाणारा उंदीर माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात पाहिला नाही, पण तिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन नवीन ओतले.

आवाज आला. चार दहा.

१९ मार्च

पुन्हा नऊ आणि दहाच. बाकी आठ जागेवर.

अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. कारखान्याच्या दोनच किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक घरी दाराजवळच्या खिळ्यावर. कुलूप नीट लावलेलं होतं. दादाला अशी सवय होती. मी काही विसरलो की तोंडाने सांगायचा नाही. ती वस्तू काढून माझ्या डोळ्यासमोर ठेवायचा, मी आपणहून ओळखेपर्यंत. पण ह्या वस्तू डोळ्यासमोर ठेवलेल्या नाहीत. नेलेल्या आहेत.

दोन नवीन ओतले. पानाला सांगितलं नाही.

२३ मार्च

पहिली चाचणी. कारखान्याच्या फरशीवर माती अंथरून सव्वासहा मीटरचा पट्टा केला. छोटी वजनगाडी पानाने बनवली होती, पेटी दोरीवर सरकणारी. काम चांगलं आहे पोरीचं. दादाच्या हातापेक्षा सफाईदार.

दहा वजनांनिशी सोडला. पावणेचार मीटरवर, म्हणजे मूळच्या साठावर, तोंड बोटभर उचललं, पानाने रिमोटवरचं बोट सैल केलं आणि ते परत बसलं. शेवटपर्यंत सरळ गेला. पूर्ण ओढ. पाना उड्या मारायला लागली.

मग थांबली. पुन्हा लावला. पुन्हा सरळ. आठ वेळा लावला. आठही वेळा सरळ.

"काका, वजनं दहाच होती ना?"

"दहा. वजनकाट्याच्या पावतीवर आहेत."

"तू स्वतः बघितलीस?"

"माझं काम मागचं असतं, पाना."

ती मातीत बसून राहिली. म्हणाली, "म्हणजे यंत्रात काहीच नव्हतं. त्यांनी पायच उचलला नाही." बाबांनी म्हणाली नाही. त्यांनी म्हणाली.

२४ मार्च

कारखान्यातल्या खिळ्यावरचं दादाचं हेल्मेट पानाने काढलं आणि जुन्या फायलींच्या खोक्यात टाकलं.

जेवताना म्हणाली, "आई, तू बसू नको म्हणत होतीस ना सवतीवर. नाही बसत. विकून टाका. माणसाला थांबायचं कळत नाही, आणि वर लोक त्याला शूर म्हणतात. माझ्यातही तेच असेल."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी भाकरी मोडत राहिलो.

२८ मार्च

बेअरिंगच्या दुकानात तांबडा भेटला. लाल ट्रॅक्टरवाला, पिटात, म्हणजे ओढीआधी ट्रॅक्टर उभे करतात तिथे, कायम आमच्या शेजारी उभा राहणारा. वर्षात तिसऱ्यांदा समोर आला आणि तिसऱ्यांदा नजर चुकवून दुसऱ्याच कपाटाकडे वळला. त्याला काय झालंय कळत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात.

त्याचं आणि आमचं त्या दिवशी काय झालं, ते एकदा लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल. पिटाचा रिवाज आहे, शेजाऱ्याने वजन मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आमचं वजन-माप होऊन गेलं होतं. तांबड्याला वरच्या वजनगटासाठी दोन कमी पडत होती. दादा डबा खायला गेला होता. तांबड्याने मागितली, मी दिली. शेवटची दोन, नऊ आणि दहा. "माझी ओढ झाली की लगेच टांगून देतो," म्हणाला. मग क्रम बदलला, दादाला आधी पुकारलं. मी मागे साखळी घेऊन वाकलेलो होतो. तेवढ्यात लोखंड वाजल्याचा आवाज आला. खण्, आणि खण्. दोन वजनं तोंडावरच्या हुकावर चढवली की होतो तसाच. परत टांगली त्याने. मी माझ्या कानांनी ऐकलं. दादाला हात केला, चल म्हणून.

तेव्हा किती वाजले होते ते कोणीतरी अहवालात लिहिलंय. चार वाजून दहा मिनिटं.

लिहून डोक्यातून गेलं नाही.

१ एप्रिल

तिसऱ्यांदा गेली. या वेळी मी उंदराला, दादाला, कुणालाच बोल लावला नाही. सकाळी घरी गेलो. पाना अंघोळीला गेली होती. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावायला वहिनींचा बटणांचा डबा उघडला. बटणांच्या खाली शिशाचे सहा तुकडे. तीन नऊ, तीन दहा. माझंच वाकडं अक्षर.

वहिनी दारात उभ्या होत्या.

"तुम्ही नेलीत?"

"मी."

"कशाला?"

"आठच होती, भाऊजी."

त्या मशीनपाशी बसल्या, पायाने उगाच पट्टा हलवत राहिल्या.

"मी समोरच्या कठड्याशी उभी होते," म्हणाल्या. "तुम्ही मागे, मी पुढे. सवतीचं तोंड मला दिसत होतं. आकडे मीच काढलेले. आठ दिसले. नऊ-दहा नव्हते. मनात आलं, ओरडावं. मग म्हटलं, दोघा भावांनी काहीतरी ठरवलं असेल, आपल्याला काय कळतंय यातलं. आपण मध्येच ओरडायचं आणि चारचौघांत हसं व्हायचं. गप्प राहिले."

"मला आवाज आला होता," मी म्हणालो. "दोनदा. परत टांगल्याचा."

"आला असेल. पण टांगली नव्हती."

मी विचारलं, वर्षभर का बोलला नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही तुमचं सांगितलं असतं तर मीही माझं सांगितलं असतं. तुम्ही मागचं दुरुस्त करत बसलात, मी सीटा शिवत बसले. आता पोर बापाला दोष देतेय, आणि आपण दोघं बसून जेवतोय."

पाना बाहेर आली. वहिनींनी डबा बंद केला आणि माझं बटण लावून दिलं. बटण तिरकं बसलं.

२ एप्रिल

तांबड्याच्या शेडवर गेलो. मला बघितल्यावर त्याने काही विचारलं नाही. आत गेला, फडताळाखालचं पोतं ओढलं. आत दोन वजनं. आमची निळी, पांढऱ्या आकड्यांची. नऊ. दहा. पुसून ठेवलेली, गंज नाही.

"मागशील म्हणून ठेवली होती," म्हणाला. "मागितली नाहीस. मग मी कुठल्या तोंडाने आणून देऊ?"

"मला आवाज आला होता रे. तू टांगल्याचा."

तांबड्याने मान हलवली. "शेपूट, ती मी माझ्या ट्रॅक्टरवर चढवत होतो. तुमची ओढ नंतर आहे असंच मला वाटत होतं. वळून बघितलं तेव्हा तुमचा निम्म्यावर गेला होता."

म्हणजे मी ऐकलं ते खरंच होतं. फक्त दुसऱ्या ट्रॅक्टरवरचं. आणि त्या आवाजाच्या भरवशावर मी हात केला. आठ पावलं चालून पुढे गेलो असतो तर दिसलं असतं. आठ पावलं. आज कारखान्यात मोजली.

वजनं तिथेच ठेवून आलो. उचलवली नाहीत.

५ एप्रिल

पानाला सांगितलं नाही.

६ एप्रिल

सांगितलं नाही. चार दहाला आवाज आला. आता तो कशाचा आहे ते माहीत आहे, तर जास्त मोठा येतो. कान झाकले तरी येतो.

७ एप्रिल

पाना परीक्षेला वसतिगृहावर गेली. सुटलो. असं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. दादा असता तर म्हणाला असता, साखळी अडकवताना थरथरत नाहीस, मग बोलताना काय होतं.

दादा, तू हे वाचत असशील तर. काय लिहू. तू माझ्या हाताकडे बघून निघालास. मागे वळून बघितलंस, मी हात केला, तू हसलास. पुढे किती वजनं आहेत ते तूही बघितलं नाहीस, कारण मागे मी होतो.

१५ एप्रिल

पाना आली. ओढ चार दिवसांवर. तिचा उत्साह गेलाय. "नाव दिलंय म्हणून जायचं," म्हणते. सवतीला गिऱ्हाईक शोधलंय तिने, भंगारवाला. मॉडेलही त्यालाच देऊन टाकू, म्हणाली. हसली. मला हसू आलं नाही.

सांगायला तोंड उघडलं. म्हणालो, "पाना, चहा घेणार?" दोन कप झाले.

१८ एप्रिल

सांगता येणार नाही, हे कळलं. मला शब्द जमत नाहीत, मापं जमतात. उद्या दाखवतो.

संध्याकाळी मॉडेलच्या तोंडावरून नव्याने ओतलेले नऊ आणि दहा मी माझ्या हाताने काढले आणि वहिनींच्या डब्यात नेऊन टाकले. वहिनी मशीनवर होत्या. डब्याचा आवाज ऐकून पायाचा पट्टा थांबवला. नंतर म्हणाल्या, "उद्या मीही येते."

१९ एप्रिल

हे उभ्याने लिहितोय, बसवत नाही.

शाळेच्या मोठ्या सभागृहात पट्टा केला होता. शंभरेक माणसं. अहवालावर सही करणारे गृहस्थ पहिल्या रांगेत, पंच म्हणून. तांबडा मागच्या भिंतीशी उभा. वहिनी समोरच्या कठड्याशी.

पानाने मॉडेल पट्ट्यावर ठेवलं, मी वाकून मागची साखळी अडकवली. ती पुढे गेली आणि थांबली. "काका, दोन कमी आहेत. नऊ-दहा कुठे?"

मी मागे वाकलेलाच होतो. उठलो. आठ पावलं नव्हती, दोनच होती. ती चालून पुढे गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी एवढीच होती. दोन मी तांबड्याला दिली होती. परत आली की नाही ते बघितलं नाही. बाबांना माहीत नव्हतं."

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असावं. शिट्टी वाजवणारा शिट्टी तोंडात धरून तसाच राहिला.

पानाने माझ्याकडे बघितलं. तसं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघू नये. मग ती वळून रिमोट घेऊन रेषेवर उभी राहिली. "सोडा शिट्टी," म्हणाली.

सुटला. एक मीटर, दोन, तीन. पेटी पुढे सरकत होती. पावणेचारवर तोंड उचललं. त्याच क्षणी पानाने बोट काढलं. नुसतं काढलं नाही, उजवा हात डोक्यावर उंच केला, सगळ्यांना दिसेल असा. मोटर बंद झाली. तरी तोंड वर जातच राहिलं, गाडीने मागून धरून ठेवलेलं. मग एका अंगाने खाली आलं, डावा टेकू मुडपला, आणि ट्रॅक्टर आडवा झाला. वहिनींनी शिवलेली सीट मातीला लागली.

पानाचा हात वरच होता. पहिल्या रांगेकडे वळून ती म्हणाली, "मी बोट उचललं होतं. बघितलंत ना? मी बोट उचललं होतं."

ते गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "बघितलं."

"बाबांनी पाय उचलला होता," पाना म्हणाली. मग तिचा हात खाली आला आणि ती रडली. कठड्यापलीकडून वहिनी आल्या आणि तिला धरून तिच्या कानात काहीतरी बोलल्या. त्यांचं जे होतं ते त्यांनी सांगितलं असणार. मला कुणी हाक मारली नाही. मी साखळी सोडवली, गुंडाळली, आणि घरी आलो.

२३ एप्रिल

चार दिवस जेवायला घरी गेलो नाही. डबा येतो, कारखान्याच्या पायरीवर असतो. कोण ठेवतं ते बघत नाही.

फळ्यावरचा कागद काढला, असं शिट्टीवाल्याने सांगितलं. दुसरा लावलाय. त्यात माझा उल्लेख आहे. असायलाच हवा.

दुपारी पितळ आणायला गेलो, परत येऊन थेट लेथपाशी गेलो, तोच चार वाजून दहा मिनिटांनी आवाज आला. खण्. मी लेथला टेकून डोळे मिटले. खण्. पण या वेळी त्याच्यामागून कुणीतरी नाक ओढल्याचाही आवाज आला. डोळे उघडले.

सवतीची पुढची ताडपत्री सोडून बाजूला टाकली होती. पाना दोन्ही हातांनी दहा नंबर हुकावर नीट बसवत होती. नऊ चढवून झाला होता. खाली पडलेली आठही जागेवर होती. बाहेर तांबड्याची गाडी वळत होती. भिंतीवरच्या खिळ्यावर हेल्मेट परत होतं.

मी नेहमीसारखा मागच्या चाकापाशी उभा राहिलो.

पाना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे काय उभा आहेस? पुढे ये. मोज."

पुढे गेलो. एकेका वजनावर हात ठेवून मोजली. दहा.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा मोजली.